स्पंद समोरासमोर आले की विझतात, मग माझे परत का फिरले?

ऐरोलीत राहणाऱ्या, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. प्रोजेक्टसाठी त्याने फिट्झह्यू-नागुमो समीकरणं, म्हणजे चेतातंतूतून धावणाऱ्या स्पंदाचं सोपं गणित, संगणकावर एका मितीत सोडवली. समोरासमोरून येणारे दोन स्पंद, म्हणजे पल्स, भेटले की दोन्ही नाहीसे व्हायचे. पण पहिल्या समीकरणातला बाहेरून दिलेला स्थिर प्रवाह थोडा वाढवल्यावर तेच स्पंद भेटले आणि पुन्हा दोन दिशांना निघाले. मार्गदर्शक म्हणतात, कोड चुकलाय. दुसरी शंका अशी की टोकं जोडलेल्या वर्तुळावर वाटेल तशा अंतराने सोडलेले तीन स्पंद काही वेळाने अगदी समान अंतरावर येऊन बसले. मधे कसलंही बल नसताना हे कसं झालं?

तुमच्या मार्गदर्शकांची शंका रास्त आहे आणि तिची तपासणी कशी करायची ते खाली सांगते. पण स्पंद परत फिरणं अशक्य मुळीच नाही. या विषयात ते नीट अभ्यासलं गेलेलं आहे. मी बरीच वर्षं ठाण्यात रासायनिक लाटा आणि त्यांची गणितं शिकवत आले आहे, आणि दरवर्षी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं. दरवेळी मी एकाच गोष्टीकडे बोट दाखवते: स्पंदाची शेपूट बघा. आघाडी दिसायला देखणी असते म्हणून सगळे तिच्याकडे बघतात, पण भेटीचा निकाल शेपटीवर लागतो. स्पंद मागे कसली जमीन ठेवून आलाय आणि ती किती लवकर पूर्ववत होते, यातच तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत.

तलावपाळीच्या कट्ट्यावरून मासुंदा तलावात दोन खडे टाकून बघा. दोन्हींच्या लाटा भिडतात, क्षणभर एकमेकींवर चढतात आणि काही घडलंच नाही अशा पलीकडे निघून जातात. त्या लाटेत खड्याने दिलेली ऊर्जा असते, पाणी ती नुसती वाहून नेतं. आता येऊरच्या बाजूचा उन्हाळ्यातला वणवा डोळ्यांसमोर आणा. आग आपली ऊर्जा बरोबर घेऊन फिरत नाही. ती जागोजागच्या वाळलेल्या गवतातून घेते आणि मागे काळी पट्टी ठेवून पुढे सरकते. दोन बाजूंनी आलेल्या आगी भेटल्या की दोघींच्याही पुढे जळून गेलेलंच रान असतं, म्हणून दोन्ही तिथेच विझतात. वनखातं उन्हाळ्यात जाळरेषा काढतं तेही याच हिशेबाने.

तुमची समीकरणं ज्याचं वर्णन करतात ते उत्तेजनक्षम माध्यम, म्हणजे पुरेसा धक्का बसला की पेटून उठणारं आणि मग विसावा घेणारं माध्यम, या वणव्याच्या जातीचं असतं. फरक एवढाच की इथलं गवत पुन्हा उगवतं: चेतातंतूत काही मिलिसेकंदांत, हृदयाच्या स्नायूत साधारण पाव सेकंदात, बेलुसोव्ह-झाबोटिन्स्की या रंगीत लाटा उठवणाऱ्या रासायनिक अभिक्रियेच्या बशीत मिनिटाच्या आसपास. हे पुन्हा उगवणं लक्षात ठेवा. तुमचा परत फिरलेला स्पंद तिथूनच आला आहे.

समीकरणांत हे कुठे दिसतं ते पाहू. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली स्क्विडच्या चेतातंतूसाठी चार चलांचं मॉडेल मांडलं. त्यातून काढलेला स्पंदाचा वेग १८.८ मीटर प्रति सेकंद आला आणि प्रत्यक्ष मोजलेला २१.२. त्या काळी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर केलेलं हे काम आजही मला थक्क करतं. १९६१ साली फिट्झह्यू यांनी त्या चार चलांचा सांगाडा दोन चलांत बसवला आणि १९६२ साली नागुमो, आरिमोतो आणि योशिझावा यांनी टनेल डायोडची साखळी जोडून तोच स्पंद विजेच्या सर्किटमध्ये धावताना दाखवला. तुमच्या कोडमधला यू म्हणजे उत्तेजना. तो वेगाने बदलतो आणि शेजाऱ्यांत विसरण पावतो, म्हणजे झिरपत पसरतो (डिफ्यूजन). व्ही म्हणजे थकवा. तो एप्सिलॉन या लहान आकड्याने ठरणाऱ्या मंद गतीने यूच्या मागे मागे येतो आणि तितक्याच मंदपणे उतरतो. यूने उंबरठा ओलांडला की तो थेट वर उडी मारतो, त्याच्या विसरणाने शेजारचा बिंदू उंबरठ्यापार ढकलला जातो, आणि अशी आघाडी पुढे सरकते. मागे व्ही चढत जातो, यूला खाली खेचतो, ती झाली पिछाडी. पिछाडीच्याही मागे व्ही हळूहळू ओसरतो तो भाग म्हणजे शेपूट. शेपटीतला बिंदू विसावा घेत असतो आणि त्याला उठवणं अवघड असतं.

उंबरठ्याचं उदाहरण तुमच्या जवळच आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये प्रेक्षकांची लाट फिरते तेव्हा एकट्यादुकट्याने उठून ती कधी सुरू होत नाही. फार्कस, हेल्बिंग आणि विचेक यांनी २००२ साली स्टेडियममधल्या अशा लाटांना उत्तेजनक्षम माध्यमाचंच मॉडेल लावलं. लाट उठायला काही डझन माणसांनी एकदम उभं राहावं लागतं आणि नंतर ती सेकंदाला सुमारे २० खुर्च्यांच्या वेगाने जाते, असं त्यांना आढळलं. सुरुवात कितीही जोरात केली तरी पुढे लाटेची उंची आणि वेग प्रेक्षकच ठरवतात. तुमच्या स्पंदाचंही तसंच. त्याला स्वतःचं वस्तुमान किंवा संवेग नाही, तो प्रत्येक क्षणी माध्यमातून नव्याने जन्मतो. म्हणून ‘टक्कर’ हा शब्द वापरताना जपून. दोन चेंडूंच्या टकरीत जे काही जपलं जातं, त्यातलं इथे काहीच जपलं जात नाही.

भेटीच्या क्षणी नक्की काय होतं ते एकदा संथ गतीने बघाच. एप्सिलॉन लहान असताना दोन्ही स्पंद रुंद असतात, सपाट माथ्याचे. आधी दोन आघाड्या एकमेकींना भिडतात आणि मिटतात. मधे यूचा एकच सलग उंचवटा उरतो, त्याच्या दोन कडा म्हणजे दोन स्पंदांच्या पिछाड्या. आता कोणतीही कडा बाहेर जात नाही. दोन्ही पिछाड्या आत सरकत येतात, उंचवटा आक्रसत जातो आणि दोन्ही मिळून तो गिळून टाकतात. त्या वेळी बाहेरच्या दोन्ही अंगांना व्ही अजून चढलेलाच असतो. उंचवट्यातून बाहेर झिरपणारा यू त्या थकलेल्या जमिनीला उठवू शकत नाही. नाहीसं होण्याची सगळी गोष्ट एवढीच. इथे शर्यत दोघांत आहे: मधला उंचवटा किती वेळ तग धरतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन किती लवकर ताजीतवानी होते. नेहमीच्या पॅरामीटरवर जमीन ही शर्यत हरते. तुम्ही प्रवाह वाढवलात तेव्हा ती जिंकली.

का जिंकली? तो स्थिर प्रवाह वाढवत गेलात की माध्यम स्वतःहून धडधडायला लागण्याच्या कडेला येतं. विश्रांत स्थिती अजून स्थिर असते, पण जेमतेम. हलकासा धक्का दिला तर ती सरळ परतत नाही, वरखाली झुलत परतते. स्पंद निघून गेल्यावर शेपटीतही हेच होतं. व्ही नुसता शून्याकडे उतरत नाही, तो विश्रांत पातळीच्या खाली जातो, पुन्हा वर येतो, पुन्हा खाली. जिथे तो पातळीच्या खाली असतो तिथली जमीन एरवीपेक्षा जास्त तयार असते, कमी धक्क्यात पेटते. आणि त्याच वेळी वाढवलेला प्रवाह मधल्या उंचवट्याला जिवंत ठेवायला मदत करतो. उंचवटा विझण्याआधी शेजारची जमीन त्या तयार टप्प्यात आली की त्याच्या दोन्ही कडांवर नवी आघाडी फुटते आणि दोन स्पंद बाहेर निघतात.

ते ‘परत फिरले’ की ‘आरपार गेले’ असं विचारू नका. दोन्ही स्पंद हुबेहूब सारखे आहेत आणि कुणाच्या अंगावर नाव लिहिलेलं नाही. खरं म्हणजे जुने दोन्ही संपले आणि भेटीच्या जागी दोन नवे जन्मले. सॉलिटॉनची, म्हणजे भेटीनंतरही आकार न बदलणाऱ्या एकाकी लाटेची, गोष्ट वेगळी. तिथे समीकरणच काही राशी जपतं, म्हणून लाटा ओळख राखून बाहेर पडतात. इथे तसं दिसलं तरी कारण तसं नाही.

हे तुम्हीच पहिल्यांदा पाहिलेलं नाही, हे सांगते म्हणजे धीर येईल. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडीकरण होताना एकमेकांतून सॉलिटॉनसारखे निघून जाणारे स्पंद गेरहार्ड अर्टल यांच्या गटाने १९९१ साली नोंदवले. पृष्ठभागावरच्या रसायनशास्त्रासाठी २००७ सालचं नोबेल मिळालं ते हेच अर्टल. १९९४ साली पेत्रोव्ह, स्कॉट आणि शोवॉल्टर यांनी तिसऱ्या घाताचं स्वयंउत्प्रेरण (पदार्थाने स्वतःच्याच निर्मितीचा वेग वाढवणं) असलेल्या मॉडेलमध्ये लाटा परावर्तित होताना आणि दुभंगताना दाखवल्या. १९९७ साली आर्जेंटिना, कुले आणि महादेवन यांनी उत्तेजनक्षम माध्यमाच्या साध्या मॉडेलमध्ये विझण्यापासून टिकण्यापर्यंतचा बदल तपासला. आणि २००३ साली निशिउरा, तेरामोतो आणि उएदा यांनी या सगळ्यांमागचा सांगाडा उलगडला: भेटीच्या वेळी माध्यम एका अस्थिर, सममित आकाराजवळ काही काळ रेंगाळतं, आणि त्या आकारावरून ते कोणत्या बाजूला घसरतं त्यावर निकाल लागतो. डोंगराच्या खिंडीत पोचलेलं पाणी या दरीत उतरेल की त्या, तसं.

हा रेंगाळण्याचा भाग तुमच्या फार कामाचा आहे. ज्या प्रवाहावर निकाल पालटतो त्या किमतीच्या जितकं जवळ जाल तितका मधला उंचवटा जास्त वेळ तग धरून राहील, आणि हा वेळ लॉगॅरिदमच्या हिशेबाने वाढतो. निकाल पालटण्याची किंमत दर खेपेला मधोमध भाग करत शोधा. ‘विझले’ आणि ‘परत फिरले’ यांच्या मधलं अंतर दर वेळी निम्मं होईल आणि उंचवट्याचं आयुष्य दर वेळी साधारण सारख्याच अंतराने वाढेल. चुकलेला कोड इतका शिस्तीत वागत नाही. असा आलेख हातात असला तर मार्गदर्शकांसमोर ठेवायला याहून चांगलं काही नाही.

आता तपासणी. सगळ्यात आधी स्पंद मोजा. ही सूचना बाळबोध वाटेल, पण मी पाहिलेल्या ‘परत फिरलेल्या’ स्पंदांपैकी अर्ध्याहून अधिक इथेच सुटले. मधल्या भागात यू वर उचलून सुरुवात केली की त्या एका उंचवट्यातून दोन स्पंद निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन उंचवटे ठेवले तर चार. मधले दोन भेटून विझतात आणि वर्तुळाकार सीमेवरून वळसा घालून आलेले बाहेरचे दोन पडद्यावर असे दिसतात की वाटावं, हेच परत फिरले. म्हणून आडव्या अक्षावर जागा, उभ्या अक्षावर काळ, असं चित्र काढा. स्पंद म्हणजे त्यावर तिरपी रेघ. प्रत्येक रेघ कुठून आली ते बोटाने मागे मागे जाऊन बघा. हान्स माइनहार्ट यांनी शिंपल्यांवरच्या रंगरेषांचा अर्थ असाच लावला होता. शिंपला फक्त कडेला वाढतो, थरावर थर चढतो, म्हणून त्याचं अंग म्हणजेच जागा आणि काळाचं चित्र. दोन तिरप्या रेषा जिथे मिळून संपतात तिथे दोन स्पंद भेटून विझले. बाजारातून तिसऱ्या आणल्यावर मी आजही टोपलीतले शिंपले उलटसुलट करून अशा रेषा शोधत बसते.

सुरुवातीची चूक टाळायची असेल तर एकटा स्पंद आधी लांब अंतर धावू द्या, त्याचा आकार स्थिर झाला की यू आणि व्ही दोन्ही कापून घ्या, आणि त्याचीच आरशातली प्रत समोर ठेवा. नुसता यू ठेवून व्ही विसरलात तर भेट होईपर्यंत स्पंद पुरते घडलेलेही नसतात.

मग ग्रिड, म्हणजे गणितासाठी रेषेवर घेतलेल्या बिंदूंची जाळी. प्रवाह शून्य, विसरण गुणांक १ आणि उंबरठा ०.१ घेतला तर एप्सिलॉन शून्याकडे जाताना आघाडीचा वेग येतो (१ − ०.२) भागिले २ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.५७. एप्सिलॉन लहान असला तरी शून्य नसतो, म्हणून तुमचा आकडा याहून थोडा कमी यायला हवा. जास्त आला तर तिथेच थांबा. आघाडीची रुंदी, यू दहा टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर जाईपर्यंतची, सुमारे ६.२ एकक असते. डेल्टा एक्स, म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर, ०.५ घेतलं तर तिच्यात बारा बिंदू बसतात, हे चालेल. २ घेतलं तर तीनच बसतात, आणि मग ग्रिड स्वतःच आघाडीला अडवू लागतं, वेग चुकतो, कधी स्पंद जागच्या जागी थिजतो. सरळ पुढे जाणारी पद्धत वापरत असाल तर डेल्टा टी, म्हणजे काळाचं एक पाऊल, हे डेल्टा एक्सच्या वर्गाच्या निम्म्यापेक्षा कमी हवं. ०.५ साठी मर्यादा ०.१२५, मी ०.०५ घेते. डेल्टा एक्स निम्मं, डेल्टा टी पाव, अशी दोनदा फेरी करा. निकाल पालटण्याची किंमत एका आकड्याकडे सरकत स्थिरावली तर तुमचं परत फिरणं खरं. ती ग्रिडबरोबर भटकत राहिली तर मार्गदर्शक बरोबर.

आणि एक कसोटी, जी मला स्वतःला फार आवडते. एका टोकाला विसरण-प्रवाह शून्य अशी भिंत घाला आणि एकच स्पंद तिच्यावर सोडा. भिंतीवर यूचा उतार शून्य असतो. दोन सारखे स्पंद समोरासमोर आले की मधल्या बिंदूवरही सममितीमुळे उतार शून्यच असतो. म्हणजे भिंतीवर आदळणारा एक स्पंद ही दोन स्पंदांच्या भेटीची बरोबर अर्धी बाजू आहे. ज्या प्रवाहावर दोन स्पंद परत फिरतात, त्याच प्रवाहावर एकटा स्पंद भिंतीवरून परत फिरलाच पाहिजे, आणि विझतात तिथे विझलाच पाहिजे. दोन निकाल जुळले नाहीत तर सीमेची अट लिहिण्यात चूक आहे. कोडमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. आज रात्रीच करून बघा.

एक सावधगिरी. निकाल पालटण्याच्या अगदी जवळ असताना सममिती जरा जरी बिघडली, एक स्पंद दुसऱ्यापेक्षा किंचित आधी निघाला, तरी निकाल वेगळा लागू शकतो. तिथे एक स्पंद विझून एकच पुढे गेला तर घाबरू नका.

दुसरा प्रश्न, वर्तुळावरचे तीन स्पंद. इथे भेट समोरासमोरची नाही, मागोमागची आहे, पण किल्ली तीच. मागचा स्पंद पुढच्याच्या शेपटीतून चालत असतो. व्ही पूर्ण ओसरलेला नसेल तर त्याला उंबरठा जड जातो आणि तो मंदावतो. पुढच्याला मात्र मागच्याची जवळजवळ खबरच नसते. आघाडीच्या पुढे यूचा प्रभाव झटकन संपतो, शेपूट मात्र लांबवर पसरलेली असते. त्यामुळे परिणाम एकाच दिशेने जातो, पुढच्याकडून मागच्याकडे. प्रत्येकाचा वेग त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेवर ठरतो. वर्तुळाची लांबी ३०० आणि अंतरं ६०, १००, १४० असतील तर ६० वाला सगळ्यात हळू चालतो, म्हणून त्याच्या पुढचं अंतर वाढतं. १४० वाला सगळ्यात जोरात, त्याचं कमी होतं. तिन्ही १०० वर आली की सगळ्यांचा वेग एक. लोकल गर्दीच्या वेळी एकामागे एक लागतात तेव्हा पुढची सिग्नल सोडेपर्यंत मागची थांबते, तसंच काहीसं. फक्त इथे सिग्नलचं काम पुढच्या स्पंदाची शेपूट करते.

वर्तुळ न घेता लांब सरळ रेषेवर दोन स्पंद सोडलेत तर मागचा कायमच मागे पडत राहतो, पण अधिकाधिक हळू. शेपूट घातांकाने ओसरते, म्हणून अंतर काळाच्या लॉगॅरिदमने वाढतं. तेवढंच अंतर आणखी वाढायला दर खेपेला आधीपेक्षा ठरावीक पट जास्त वेळ लागतो. ‘अंतर स्थिर झालं’ असा अहवाल लिहिण्याआधी गणित दहापट वेळ चालवून बघा.

आता हे दोन प्रश्न एकत्र आणा. तुम्ही प्रवाह वाढवलात तेव्हा शेपूट झुलायला लागली. मग मागच्या स्पंदाचा वेगही अंतराबरोबर सरळ वाढत नाही, वरखाली होत वाढतो. जिथे अंतर वाढल्यावर वेग वाढतो, तिथे अंतर टिकतं. जिथे अंतर वाढल्यावर वेग घटतो, तिथे ते टिकत नाही. म्हणजे ठरावीक अंतरांची शिडीच तयार होते, आणि जोडीतला मागचा स्पंद तिच्या कुठल्यातरी पायरीवर अडकून बसतो. एल्फिक, मेरॉन, रिन्झेल आणि स्पीगल यांनी १९९० साली हे मांडलं. म्हणून माझं भाकीत असं: ज्या प्रवाहावर तुमचे स्पंद परत फिरतात, त्याच्या थोडं खाली वर्तुळावरचे तीन स्पंद समान अंतरावर यायचं सोडून असमान अंतरांवर अडकतील, आणि कुठे अडकतील ते तुम्ही सुरुवात कशी केली त्यावर ठरेल. हे दिसलं तर तुमचे दोन्ही शोध एकाच शेपटीचे आहेत हे सिद्ध होईल आणि प्रोजेक्टला कणा मिळेल.

रसायनात याची आणखी एक तऱ्हा आहे. नेहमीच्या मॅलोनिक आम्लाऐवजी सायक्लोहेक्झेनडायोन घातलेल्या बेलुसोव्ह-झाबोटिन्स्की अभिक्रियेत मागची लाट पुढचीपेक्षा वेगाने धावते आणि तिला गाठते. ऑलिव्हर स्टाइनबॉक यांच्या गटाने हे २००१ च्या सुमारास दाखवलं. तिथे शेपूट मागच्याला रोखत नाही, ओढून घेते.

जमलं तर हे सगळं एकदा डोळ्यांनी बघा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, धूरपेटीत, कारण मिश्रण करताना सुरुवातीला ब्रोमीन सुटतं. घरी करू नका. फेरोइन हा रंग बदलणारा दर्शक घातलेल्या लाल द्रावणाचा मिलिमीटरभर जाड थर बशीत पसरला की थोड्या वेळाने निळे ठिपके उठतात आणि त्यांची कडी होत पसरतात. दोन कडी भेटतात तिथे निळी रेघ तुटते आणि दोन वर्तुळांची मिळून एक टोकदार कड उरते, जी हळूहळू गुळगुळीत होते. पहिल्या वर्षी माझी बशी दोन तास लालच राहिली होती. भांडी नळाच्या पाण्याने विसळली होती आणि त्यातल्या क्लोराइडने अभिक्रिया दाबून टाकली होती. तेव्हापासून विसळायलाही ऊर्ध्वपातित पाणीच. मे महिन्यातल्या उकाड्यात अभिक्रिया पळते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे लाटा फाडतात, म्हणून शक्यतो सकाळी करा.

त्या बशीत एक हिशेब मांडता येतो. दोन ठिपके ४० मिलिमीटर अंतरावर आहेत, एक दर ४० सेकंदांनी लाट सोडतो, दुसरा दर ५० सेकंदांनी, आणि दोघांच्या लाटा सेकंदाला ०.१ मिलिमीटर सरकतात असं धरा. पहिल्या लाटा मधोमध भेटून विझतील. पुढच्या जोडीत जलद ठिपक्याची लाट दहा सेकंद आधी निघालेली असते, म्हणून भेटीची जागा मंद ठिपक्याकडे अर्धा मिलिमीटर सरकते. प्रत्येक भेटीला अर्धा मिलिमीटर. चाळीस भेटींत ती मंद ठिपक्यावर जाऊन पोचते, आणि तो ठिपका संपतो. लाटा त्याला उगवूच देत नाहीत. साधारण अर्ध्या तासात पूर्ण बशी जलद ठिपक्याच्या ताब्यात. एकही लाट दुसरीपेक्षा बलवान नव्हती, प्रत्येक भेटीत दोन्ही मेल्या, तरीही जो घाई करतो तो उरतो.

हृदयात नेमकी हीच गोष्ट उपचार म्हणून वापरतात. जुन्या झटक्याच्या व्रणाभोवती स्पंद गोल गोल फिरत राहिला तर हृदय भरधाव धडधडतं. स्नायूत वेग सेकंदाला अर्धा मीटर आणि विसाव्याचा काळ पाव सेकंद धरला तर स्पंदाची आघाडीपासून विसावा संपेपर्यंतची लांबी साडेबारा सेंटिमीटर होते. फिरण्याचा मार्ग याहून लांब असेल तरच तो आपल्याच शेपटीला न अडखळता फिरू शकतो. छातीत बसवलेलं यंत्र अशा वेळी त्या धडधडीपेक्षा किंचित जलद गतीने ठोके सोडतं. त्यातल्या प्रत्येक ठोक्याचा स्पंद त्या मार्गात शिरून दोन बाजूंना फुटतो. एक फांदी फिरत्या स्पंदाच्या समोरून येते, दोघे भेटतात आणि विझतात. दुसरी फांदी त्याच्या शेपटीमागून जाते. शेपूट ताजी झाली असेल तर ती फांदीच नवा फिरता स्पंद होते आणि काहीच साधत नाही. पुढच्या ठोक्यांत मात्र ती अजून थकलेल्या जमिनीवर पाऊल टाकते आणि तिथेच संपते. मग वर्तुळात कुणीच उरत नाही, आणि हृदयाचा मूळ ठोका पुन्हा ताबा घेतो. तुमचे दोन प्रश्न, समोरासमोरची भेट आणि मागोमागची, इथे एकाच ठोक्यात एकत्र येतात.

भिंतीची कसोटी करून झाली की तीन चित्रं काढा: भेटीच्या क्षणी व्हीचं जागेनुसार चित्र, परत फिरणाऱ्या आणि विझणाऱ्या दोन्ही प्रवाहांसाठी, एकट्या स्पंदाच्या शेपटीतला व्ही, उभा अक्ष इतका मोठा करून की झुलणं दिसावं, आणि उंचवट्याचं आयुष्य विरुद्ध पालटण्याच्या किमतीपासूनचं अंतर, लॉगॅरिदमच्या अक्षावर. ती पाठवलीत तर पुढचं त्यांवरून बोलू.